वरच्या मजल्यावरची गादी

आधी माफी मागून घेतो. माणसांविषयी लिहिणं हे ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम. आमच्या घरात मी कॉलेजात जाईपर्यंत छापील अक्षर म्हणजे खताच्या पोत्यावरचं नाव आणि भिंतीला डकवलेल्या लग्नपत्रिका. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी रान करून उरलेले महिने कोळारच्या कारखान्यात पोती वाहिली, आणि मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, म्हणजे पोती इकडून तिकडं का जातात याची कारणं पाठ केली. एवढ्या शिदोरीवर कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. शिवाय मी लिहायला लागलो की माझ्या वाक्यांत 'सदर', 'तद्वतच' असले शब्द न बोलावता येतात. या वेळी मी त्यांना दारातच अडवलं आहे. तरी एखादा आत घुसला असेल तर सांभाळून घ्यावं.

तर सदर गृहस्थ म्हणजे आमचे खोलीमालक अण्णा. बीदरच्या चारही वेशींच्या आत-बाहेर शोध घेतलात तरी मॉल नावाच्या वस्तूवर मनापासून प्रेम केलेला माणूस तुम्हाला एकच सापडेल, आणि तो हा. बाकीचे लोक मॉलमध्ये हिंडायला जातात, गारव्याला जातात, फार तर सरकत्या जिन्यावर लेकराला एक फेरी मारून आणतात. अण्णा मॉलमध्ये जायचे ते सासरी दिलेल्या लेकीकडं जावं तसे. रोज हातात काहीतरी घेऊन, तिथं सगळं ठीक चाललंय ना याची काळजी वाहत, आणि कुणी तिला नावं ठेवलीच तर दिवसभर जेवण गोड न लागता.

त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. माझ्यापेक्षा वयानं मोठे म्हणून मी म्हणायचो आणि त्यांच्यापेक्षा वयानं मोठे लोकही म्हणायचे. घरात बायकोशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, भाव ठरवताना दखनी, आणि राग आला की तिन्ही एकदम, अशी त्यांची व्यवस्था होती. पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा धंदा. माणूस समोर आला की त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी अण्णा अंगावरच्या कापडाकडं बघत. मी पहिल्यांदा ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी नाव, गाव, कॉलेज यांतलं काहीच विचारलं नाही. माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळली आणि विचारलं, "हे कुणी घेतलं?"

"थोरल्या आबांनी," मी म्हणालो. "माझे मोठे चुलते. मन्नाएखेळ्ळीच्या बाजारातून."

"त्यांला माझा नमस्कार सांग," अण्णा म्हणाले, "आन्‌ म्हणावं, पुन्ना घेऊ नका."

तो शर्ट मी मोठ्या समारंभासाठी राखून ठेवलेला होता. कॉलेजचा पहिला दिवस मी त्यातच काढला आणि दिवसभर बाही पाठीमागं लपवत होतो.

अण्णांचं दुकान गावाच्या मधल्या चौकात, चौबारा बुरुजाजवळच्या जुन्या बाजारात होतं. एके काळी लग्नाचा बस्ता बांधायला लोक लांबलांबून तिथंच येत. बस्ता म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. लग्न ठरलं की नवरा-नवरीचे आणि दोन्हीकडच्या मानपानाचे सगळे कपडे एकाच दिवशी, एकाच दुकानात घ्यायचे. त्यासाठी नवरीकडचे टेम्पोभर आणि नवऱ्याकडचे टेम्पोभर लोक येतात. पांढऱ्या गादीवर समोरासमोर बसतात. पहिलं कापड देवाचं निघतं, मग नवरीचं, आणि मग संध्याकाळपर्यंत आत्या, मावश्या, करवल्या, रुसलेले मेहुणे. दुकानदार चहा पाजतो, जेवू घालतो, भांडणं मिटवतो. बस्ता शांततेत पार पडला तर लग्न पार पडलं असं समजायला हरकत नसते.

पण रस्ते चांगले झाले, गाड्या वाढल्या आणि बस्ता हैदराबादला जायला लागला. डॉक्टर, वकील, झेरॉक्सवाले बाहेरच्या रुंद रस्त्याला गेले. चौकातलं जुनं टॉकीज बंद पडलं, तिथं पारव्यांचे खेळ सुरू झाले. गावाच्या मधोमध भर दुपारी उभं राहिलं तर स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू यावा, अशी दशा आली. त्याच टॉकीजच्या जागेवर कुणा शेठनं मॉल बांधला. सगळ्या बाजारानं नाक मुरडलं. "काचंच्या घरात कोण कापड घेतंय?" म्हणून हसले. अण्णांनी मात्र जुनं दुकान धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर जागा घेतली. भाऊ म्हणाला, "अण्णा, वर गेलेला माणूस खाली येत नसतोय." अण्णा म्हणाले, "मला यायचंच न्हाई."

वरच्या मजल्यावर गेल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे शेठनं लावून दिलेलं काचेचं काउंटर आणि खुर्च्या परत पाठवल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी घातली. लोड आले, समई आली. गादी आल्यावर चपला बाहेर काढणं आलंच. पण दुकानाचा उंबरा नेमका कुठं सुरू होतो हे त्या काचेत कुणाला कळेना, त्यामुळं लोक हळूहळू आधीच चपला काढायला लागले. आधी दुकानाच्या दारात, मग जिन्याच्या तोंडाशी, आणि शेवटी थेट मॉलच्या मुख्य दरवाजात. फरशी इतकी चकचकीत, की खेड्यातल्या माणसाला तिच्यावर चप्पल घालून जायचा धीरच व्हायचा नाही. नोकरीला लागल्यापासून कुणी सलाम घ्यायलाही न आलेल्या वॉचमनला अखेर काम मिळालं, ते चपलांच्या जोड्या लावण्याचं.

दर्शनी काचेत शेठनं साड्या नेसवायला दोन पुतळे दिले होते. अण्णांनी आधी त्यांच्या डोक्यावरून पदर घेतला, मग कपाळाला कुंकू लावलं. साडी बदलायची वेळ आली की ते मला हाक मारत. मी चादर ताणून धरायची, तोंड दुसरीकडं करायचं, आणि आत अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, पुतळ्याला साडी नेसवायची. एकदा मी धीर करून म्हणालो, "अण्णा, प्लॅस्टिकचे आहेत."

"तुला कुणी सांगाय सांगितलं?" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांला ऐकू जायलंय."

मे महिन्यातसुद्धा ते मॉलमध्ये कानाला मफलर गुंडाळून बसत. गार हवेची मशीन बंद करा म्हणायचं तर मॉलचा अपमान, आणि चालू ठेवायची तर कान दुखत. मॉलच्या भोंग्यावर तर त्यांचा विशेष जीव होता. हरवलेल्या मुलांसाठी बसवलेला तो भोंगा अण्णा सापडलेल्या गिऱ्हाइकांसाठी वापरत. "निर्ण्याहून आलेल्या पाहुण्यांनी वरी यावं. चहा ओतलाय. बर्री, बर्री!" असं मराठी-कन्नडमध्ये साऱ्या इमारतीत घुमलं की तळमजल्यावरचा मोबाईलवाला खुर्चीतून दचकून उठे. कारण निर्ण्याचे पाहुणे सोडा, इमारतीत त्याच्याखेरीज कुणीच नसे.

कारण खरी गोष्ट अशी, की मॉल चालत नव्हता. पहिल्या दिवाळीत गर्दी झाली ती बघ्यांची. नंतर एकेक शटर खाली आलं. वरच्या मजल्यावर तर अण्णांशिवाय कुणी उरलं नाही. आणि एके दिवशी शेठनं स्वच्छ सांगितलं, "अण्णा, ही लगीनसराई बघतो. मजला भरला तर ठीक, न्हाई तर बियाणं कंपनीला गोदामाला देणार. ते तयारच हायेत." जुन्या दुकानात भाऊ बसलेला होता. मॉल सुटला तर अण्णांना बसायला गादीच उरणार नव्हती.

याच सुमारास मी कॉलेजच्या परिसंवादात निबंध वाचला. विषय माझाच: 'शहराच्या मध्यभागाचे पुनरुज्जीवन आणि मॉलची भूमिका'. मी लायब्ररीतली तीन पुस्तकं एकत्र कालवून तो लिहिला होता, आणि त्यात बीदर सोडून जगातल्या बऱ्याच शहरांचा उल्लेख होता. श्रोत्यांत दोन परीक्षक आणि नंतरच्या चुरमुऱ्यांच्या सुसल्यासाठी थांबलेली मुलं. पहिल्या रांगेत मधोमध अण्णा, इस्त्रीचं धोतर नेसून. मी वाचत होतो आणि ते दर वाक्याला मान हलवत होते. माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतक्या आदरानं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "ब्येस बोललास. फक्त एक समजलं न्हाई. पुनरुज्जीवन म्हंजे?"

"मेलेल्याला पुन्हा जिवंत करणं."

अण्णा थबकले. "म्हंजे आपला चौक मेला म्हणून तू भर सभेत सांगायलास?"

"तसं नाही अण्णा, ती एक संज्ञा..."

"मेला न्हाई त्यो. उपाशी हाय. एक बस्ता येऊ दे मॉलात, बघ. रस्ते नीट हुतील. नळाला पाणी येईल. तुझ्या त्या पुस्तकातल्या शहरात कोण बस्ता बांधतंय का?"

बांधत नसावेत, असं मी कबूल केलं. परीक्षकांनी मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. त्या सत्रात बोलणारे आम्ही तिघंच होतो, हे मी घरी कळवलं नाही.

मग अण्णांच्या स्कूटरवर आमची मोहीम निघाली. लग्न ठरलेलं घर हुडकायचं आणि बस्ता मॉलमध्ये आणा म्हणून सांगायचं. पुढं अण्णा, मागं मी, मांडीवर नमुन्याच्या साड्यांचं गाठोडं. बोलायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, कारण मी शिकलेला. मी 'एकाच छताखाली', 'ग्राहकाचे समाधान' अशी सुरुवात करायचो. निर्ण्याला एक म्हातारे माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन अण्णांना म्हणाले, "पोरगं गुणाचं दिसतंय. कशाच्या विम्याचं हाय?" त्यानंतर बोलायचं काम अण्णांनी स्वतःकडं घेतलं आणि मला गाठोडं धरण्यापुरतं ठेवलं. तरी एकही बस्ता ठरला नाही. सगळ्यांचं एकच: आता टेम्पो काढायचाच तर हैदराबादला काढू.

अखेर मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. आमच्याच घरात, थोरल्या आबांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मी गावी गेलो. थोरले आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. या माणसानं आयुष्यात कुठल्याही नव्या वस्तूला पहिल्या भेटीत चांगलं म्हटलेलं नाही. मी जन्मलो तेव्हाही "बघू" एवढंच म्हणाले होते म्हणे.

"मॉल म्हंजे काय असतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळी दुकानं एका छताखाली."

"मग बाजारातल्या दुकानाला काय छत न्हाई?"

"आत गार हवा असते, आबा."

"ती हितं लिंबाखाली हाय की. कामून बीदरला जायचं?"

मी माझ्या निबंधातला एक परिच्छेद म्हणून दाखवला. आबांनी तंबाखू मळली. परिच्छेद संपल्यावर विचारलं, "जेवाय काय?"

"अण्णा गव्हाची हुग्गी करणार आहेत. गूळ-तूप घालून."

"मग हे आधी सांगायचं की," आबा म्हणाले, आणि बस्ता ठरला. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही.

बस्त्याच्या दिवशी अण्णा पहाटेपासून मॉलच्या दारात उभे होते, डोक्याला पटका बांधून, जणू त्यांच्याच घरचं लग्न. दोन टेम्पो आले. वॉचमननं सलाम ठोकला. माणसं उतरली, फरशीकडं बघितलं आणि सगळ्यांनी चपला काढल्या. दारात असा ढीग लागला की मोबाईलवाल्याचं एक खरं गिऱ्हाईक मंदिर समजून हात जोडून गेलं. आत आल्यावर सरकता जिना. मी पुढं होऊन सांगितलं, "घाबरू नका, पाय ठेवून नुसतं उभं राहायचं." आणि पाय ठेवून दाखवला. वर पोचल्यावर उतरायचं कसं हे दाखवताना मात्र, ओढा ओलांडावा तशी मी उडी मारली आणि पुतळ्याच्या पायाशी जाऊन पडलो. वरून बघितलं तर खाली सगळी भावकी जिन्यापुढं हात बांधून उभी.

"चला की!" मी ओरडलो.

"थांब, घाई कामून करायलास?" आबा खालून म्हणाले. "आधी ह्यो जिना जाऊ दे सगळा. मग आम्ही येताव."

बराच वेळ ते जिना संपायची वाट बघत होते. शेवटी अण्णांनी वॉचमनला फर्मावलं, "बंद कर ते. पाहुण्यांला वाट द्यायची अक्कल न्हाई त्या मशिनीला." जिना थांबला, माणसं वर आली, आणि तो दिवसभर थांबलेलाच राहिला. कारण गादीवर न मावलेली पोरंटोरं त्याच्या पायऱ्यांवर बसली आणि मिर्ची भजी खाऊ लागली. बसायला त्याच्याइतकी सोयीची जागा मॉलमध्ये दुसरी नव्हती.

आणि मग मी अण्णांना प्रथमच कापड दाखवताना बघितलं. म्हणजे रोज बघत होतो, पण चार-दोन माणसांपुढं बघणं वेगळं आणि भरलेल्या गादीपुढं वेगळं. ते बसल्या जागेवरून ठाण असं फेकत की ते हवेत उलगडत जाऊन नेमकं जिला दाखवायचं तिच्या मांडीवर पडे. नवरदेवाची आत्या रुसली तर तिला आवडलेली साडी ते दुसऱ्याच बाईला दाखवायला काढत. रुसवा तिथंच संपे. "ह्यो काठ तुमाला शोभत न्हाई, ठेवा," असं सांगून त्यांनी निम्म्या बायकांना भारी काठ घ्यायला लावला. तिन्ही भाषा चालल्या होत्या, कानाचा मफलर केव्हाच सुटला होता. मी लोडाला टेकून बघत होतो आणि मला वाटत होतं की माझा निबंध खरा होतोय. खरं तर माझा निबंध भजी बांधायला कामी आला होता. अक्कांनी खोलीतली रद्दी समजून त्याचे कागद आणले होते.

जेवणं झाली. हुग्गी अण्णांनी आग्रह करकरून वाढली. तूप, गार हवा आणि तशी फरशी, त्याचं पुढं जे व्हायचं ते झालं. बायका साड्या निवडत होत्या. बापय माणसं मधल्या मोकळ्या जागेत एकेक करून आडवी झाली. कुणी पटका उशाला घेतला, कुणी टॉवेल तोंडावर. थोरले आबा एका बंद शटरपुढं उताणे झोपले आणि घोरायला लागले. आणि नेमके त्याच वेळी शेठ वर आले. बरोबर हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब, बूट घातलेले. वरच्या मजल्यावर शोरूम काढायला जागा बघायला आले होते. त्यांना बघायची होती ती जागा आबांच्या मागची.

साहेब आमच्या भावकीतून पाय उचलून उचलून चालले. आबांपाशी येऊन थांबले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. मी पुढं झालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणा अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोललो. "सर," मी म्हणालो, "धिस इज रिव्हायटलायझेशन."

आबांनी कूस बदलली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि ते निघून गेले. त्यांची शोरूम काही आली नाही.

शेठ लालेलाल झाले. "अण्णा, ह्यो मॉल हाय का धर्मशाळा?"

"शेठ," अण्णा गादीवरून म्हणाले, हातातली साडी न सोडता, "माणूस झोपतंय म्हंजे त्याला जागंचा भरवसा वाटलाय. तुमच्या खालच्या मजल्यावर कोण झोपलंय का आजवर?"

शेठ आले तसे पाय उचलून उचलून खाली उतरले. आबा मात्र गावी जाऊन बाजारात बसले आणि आपल्या स्वभावाला सोडून एका नव्या वस्तूची स्तुती करते झाले. "कापड ठीक हाय. पर झोप म्हणाल तर तिथली." त्या स्तुतीचा परिणाम माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा झाला. त्या लगीनसराईत मॉलमध्ये एकामागून एक बस्ते आले. मग बाशिंगवाला वर आला, बांगड्यांचा कासार आला, एक शिंपी मशीन घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसला. चौकात टेम्पो उभे राहायला जागा कमी पडू लागली. चहाचे गाडे आले, पारवे कुठं गेले कळलं नाही. नळाला पाणी तेवढं आलं नाही, पण अण्णा म्हणाले, "येईल. त्यांला कळाय येळ लागतोय."

सराई सरत आली तेव्हा मला पुण्याला नोकरी लागली. एका कंपनीत, संगणकावर मालाची आवक-जावक भरायची. म्हणजे पोतीच, फक्त न उचलता. निघताना मी अण्णांना विचारलं, "शेठ काय म्हणाले?" ते म्हणाले, "म्हणायचं काय त्यात? बघितलं न्हाई का डोळ्यानं?" आणि मला शर्टाचं कापड दिलं. अजून मी तो शर्ट फार मोठ्या समारंभालाच घालतो, त्यामुळं तो नवाच आहे. पुण्यातून फोन केला की ते एवढंच बोलत. "बरं चाललंय. तुझं सांग. तिथं मॉल हायेत म्हण लई. आपल्यावानी हायेत का?" नाहीत, असं मी खरंच सांगत असे. तिथल्या गुळगुळीत फरशीवर कुणाला झोपताना मी बघितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बस्त्याला रजा मिळाली नाही. मी मनात समजून चाललो होतो की बस्ता अण्णांकडंच, आता दुसरीकडं कुठं? घरच्या कुणीच फोनवर तो विषय काढत नव्हतं, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. अखेर बस्ता होऊन गेल्यावर बहिणीचा फोन आला.

"झाला का बस्ता? हुग्गी खाल्ली का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दादा, बस्ता हैदराबादला झाला. पावणे हट्टच धरून बसले. नवरदेव तिथंच नोकरीला हायेत नव्हं."

"आणि अण्णा? अण्णांना काय वाटलं असेल?"

"अण्णा आले होते की आमच्यासंगं. आबाच म्हणाले, कापड बघाय अण्णा पाहिजेत म्हणून. ड्रायव्हरच्या बाजूला बसून आले. आन्‌ दादा, सराई सरली, मग भाडं निघंना, म्हणून त्यो वरचा मजला मागच्या साली तू गेलास त्याच म्हैन्यात गोदामाला गेलाय. गादी, लोड, सगळं अण्णांनी त्यांच्या घरी आणून ठिवलंय तुझ्या त्या भाड्याच्या खोलीत. तुला कळवू नका म्हणाले. पोराची नोकरी नवी हाय, म्हणाले."

बहीण पुढं सांगत राहिली. हैदराबादचं दुकान चार मजली होतं. सगळे खुर्च्यांवर बसले होते. अण्णा साडीचा पदर अंगठ्यानं चोळून बघत होते ते बघून तिथला दुकानदार त्यांना म्हणाला, "आप तो कपडे के आदमी दिखते. दुकान किधर है?"

"मग?"

"मग अण्णा म्हणाले, बीदर में है. मॉल में. ऊपर का मजला. आमी सगळ्यांनी खाली माना घातल्या, दादा. तवर आबाच बोलले."

"आबा? काय बोलले?" थोरले आबा तिथं काय बोलले असतील या विचारानं मला धडकी भरली.

"म्हणाले, हौ, बहुत बडा है. हमारी पोरी का बस्ता उधरीच बांधे. तवा त्यो दुकानदार हसला. म्हणाला, तो फिर इधर कायकू आये? आबा म्हणाले, क्या करना, उधर बहुत गर्दी है. बैठने कू जागा नईं मिलती."

"आणि अण्णा?"

"अण्णांनी?" बहीण म्हणाली. "नुसती खुर्ची आबाच्या जवळ सरकवून घेतली."